वहिनीचं प्रभुभोजन

उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये मामा उभे राहून बैठका जाहीर करायचे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, त्या चाळीस दिवसांत, मंडळी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी जमते, गाणी म्हणते, प्रार्थना करते आणि चहा पिऊन उठते. आमचं चर्च लहान आहे, पत्र्याचं. चुडावा स्टेशनच्या अलीकडच्या एका गावात, रुळांच्या पलीकडे जी वस्ती आहे तिथं. घरं थोडी आणि दिवस जास्त, म्हणून प्रत्येक घराची पाळी येतेच, कुणाची दोनदाही येते. त्या वर्षी आमच्या घराची दोनदा आली. वहिनीच्या घराची एकदाही आली नाही.

मी परभणीला एका दवाखान्यात नर्स आहे. शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं गावी यायचं आणि सोमवारी पहाटे परत, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. त्या रविवारी मी आईच्या शेजारी बसले होते. मामांनी शेवटचं घर सांगितलं, चष्मा काढून खिशात ठेवला, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. वहिनी शेवटच्या सतरंजीवर मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला हे ठाऊकच होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ काविळीनं गेला तेव्हा त्यांची पोरगी अजून रांगत होती. त्यानंतर बरीच वर्षं वहिनी आईजवळच राहिली. हळदीच्या हंगामात काढणीला जायची, एरवी पूर्णेला एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. आईला ती आत्याबाई म्हणायची. दोघी एकमेकींशी फार बोलायच्या नाहीत, पण एकीनं भाकरी थापायला घेतली की दुसरी न सांगता चुलीपुढं बसायची.

आमच्या गावात फाट्यावर एक वेल्डिंगचं दुकान आहे. दुकानवाले मिस्त्री विधुर होते, शेतकरी घरातले, हिंदू. वहिनीनं त्यांच्याकडून पोरीच्या सायकलचा कॅरिअर जोडून घेतला होता. ओळख तिथून झाली. पुढं मिस्त्रींनी सरळ आईकडं येऊन विचारलं. वहिनीकडं नाही, आईकडं. आईनं त्यांना चहा दिला. तिसऱ्या दिवशी वहिनीला म्हणाली, "पोरी, माझ्यासमोर म्हातारी होऊ नको. मला ते बघायचं न्हाई."

लग्न चर्चमध्ये व्हावं, ही वहिनीची इच्छा होती. मामा चर्चच्या कमिटीचे चेअरमन. आईचे सख्खे धाकटे भाऊ. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळं भाऊ रोज दारावरून जायचा. मामा म्हणाले, "पहिल्यांदा त्याचा बाप्तिस्मा. मग लग्न."

मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं. म्हणाले, "चेअरमनसाहेब, तुमच्या देवाला माझा नमस्कार हाय. पण बायकोपायी देव बदलला, तर उद्या आणखी कशापायी बायको बदलीन. असल्या माणसाला तुमी काय म्हणून पोरगी देणार?"

मामांनी कमिटी बोलावली. ज्याला उत्तर सुचत नाही तो माणूस कमिटी बोलावतो. लग्न परभणीला रजिस्टर झालं, सही करायला आई स्वतः आली, आणि पुढच्याच महिन्यात कमिटीनं ठरवलं की, वहिनी सगळ्या मंडळीसमोर माफी मागत नाही तोवर तिचं प्रभुभोजन बंद.

प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षाच्या रसाचा एक घोट. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक मेजावरचा पांढरा कपडा बाजूला करतात, लोक पुढं जाऊन गुडघे टेकतात, हात पसरतात. शिपायांनी धरून नेण्याआधी प्रभूनं आपल्या माणसांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं, त्याची ती आठवण. बाहेरच्याला ती गोष्ट लहान वाटेल. आम्हाला ती लहान नाही. आमच्या आजा-पणज्यांना गावात कुणी पंगतीला बसवत नव्हतं. ज्या ताटासमोर सगळे एका रांगेत गुडघे टेकतात ते ताट त्यांनी पहिल्यांदा चर्चमध्ये पाहिलं. म्हणून त्या रांगेतून आपल्याच माणसानं आपल्याच माणसाला उठवणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

वहिनी मात्र यायची थांबली नाही. दर रविवारी इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर, हातात पोरीचा हात. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक उठून पुढं जायचे, तिच्या अंगावरून पदर घासत जायचे, ती तशीच बसून राहायची. मी एकदा तिला म्हणाले, "वहिनी, कशाला येतेस गं? परभणीला दुसरं चर्च आहे. माझ्याबरोबर चल."

ती हसली. म्हणाली, "मी काय मामांच्या घरी यायलेय का?"

तर त्या रविवारी बैठका जाहीर झाल्या, मामा खाली बसणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आई उभी राहिली. आईचे गुडघे दुखतात. ती उठते तेव्हा जमिनीवर हात टेकते, मग माझ्या खांद्यावर. त्यामुळं ती पूर्ण उभी होईपर्यंत सगळं चर्च वळून बघत होतं.

"आमच्या घरची पाळी शुक्रवारी हाय ना?" आईनं विचारलं.

"हाय की, अक्का," मामा म्हणाले.

"ती बैठक माझ्या सुनेच्या घरी होईल. समद्यांनी तिकडं यावं."

मामांनी खिशातला चष्मा काढून पुन्हा लावला. "अक्का, ती आता तुझी सून राहिली न्हाई."

"पोरगं गेलं तरी मी त्याची माय हावच की. मग ती सून कशी न्हाई?"

पाळक तरुण होते, नवीन होते, तीन गावांचं काम मोटारसायकलवर सांभाळायचे. त्यांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना सुरू केली. आई उभीच राहिली. आमेन होईपर्यंत उभी राहिली.

शुक्रवारी मी रजा टाकून आले. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या शिवारात कढयांचा धूर आणि तो कच्च्या हळदीचा उग्र वास. वहिनीचं घर दुकानाच्या मागं, दोन खोल्यांचं. मिस्त्रींनी दुपारीच दुकान बंद करून अंगण झाडलं होतं, ताडपत्री अंथरली होती, वायर ओढून बाहेर बल्ब लावला होता. वहिनी चौथ्यांदा चहाची पातेली घासत होती.

"कुणी येईल का गं?" तिनं मला विचारलं. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच मी घाबरलेली पाहिली.

"आई आली आहे," मी म्हणाले. "मी आले आहे."

"तुमी तर घरच्याच."

बैठकीची वेळ झाली आणि टळलीही. पाळक आले नाहीत. मामा येणार नव्हतेच. आई ताडपत्रीच्या मधोमध बसली, तिनं ढोलकी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "वाजव." मला ढोलकी धड येत नाही. मी वाजवली. आई गायला लागली. तिचा आवाज चिरका आहे, पण दूरवर जातो, आणि त्या दिवशी तिनं तो मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून सोडला. दुसऱ्या कडव्याला रुळांकडून दोघी आल्या, शेतातून थेट आलेल्या, हात कोपरापर्यंत पिवळे. मग आणखी तिघी. मग एक म्हातारे आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही, पण गाणं सुरू झालं की जिथं असतील तिथून येतात. पुरुषांत तेवढे एकच. मिस्त्री ताडपत्रीच्या बाहेर टोपी हातात घेऊन बसले होते. आईनं त्यांना ताडपत्रीवर बोलावलं नाही आणि तिथून उठवलंही नाही. फक्त प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं, माझ्या भावाच्या नावानंतर लगेच. मी डोळे उघडून पाहिलं. मिस्त्रींची मान खाली होती आणि वहिनीच्या गालावरून पाणी चाललं होतं.

शेजारच्या किराणा दुकानातल्या काकूही कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांचं घर महादेवाचं, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. प्रार्थना संपल्यावर त्यांनी वहिनीला विचारलं, "चाळीस दिवस उपास म्हणजे लय झालं की! साबुदाणा तरी चालतो का?"

"साबुदाण्याचं काही न्हाई काकू, आमी सकाळचं जेवत न्हाई."

"मग नुसत्या चहावर कसं भागंल तुझं? थांब," म्हणून त्यांनी घरून दुधाची पिशवी आणून दिली.

ती बैठक गावभर झाली. मामांनी आमच्याशी बोलणं सोडलं, पण करायला त्यांच्या हातात काही नव्हतं. बैठक कुणाच्या अंगणात घ्यायची यावर कमिटीचा हुकूम चालत नाही. पुढच्या पहिल्या रविवारी मात्र आईनं जे केलं त्यावर चालत होता.

त्या रविवारी आई नेहमीसारखी पुढं गेली, माझ्या खांद्याला धरून कशीबशी गुडघ्यांवर बसली, तिनं हात पसरले. पाळकांनी तिच्या तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. लोक तिथंच खातात. आईनं खाल्ला नाही. तिनं मूठ मिटली, मला उठवायची खूण केली आणि वळून मागं चालायला लागली. सगळ्या चर्चमधून, सतरंज्यांच्या मधल्या वाटेनं, एक पाऊल टाकून थांबत. वहिनीपाशी गेली. मूठ उघडली. तुकडा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो. तिनं तो दोन्ही हातांनी मोडला आणि अर्धा वहिनीपुढं धरला.

"घे," म्हणाली.

वहिनीचा हात पुढं येईना. "आत्याबाई, तुमाला बोलतील."

"मला काय बोलतील? घे, पोरी."

वहिनीनं घेतला. दोघींनी एकदम तोंडात घातला. मग मामा ओरडले. चर्चमध्ये, मेजासमोर. "अक्का! हा काय पोरखेळ मांडलाय?"

आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती वहिनीच्या शेजारी, शेवटच्या सतरंजीवर बसली आणि तिनं गुडघे चोळायला घेतले.

त्याच आठवड्यात मामा कमिटीतल्या दोघांना घेऊन घरी आले. मी नव्हते, आईनं फोनवर सांगितलं. मामा खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "अक्का, तुझंबी प्रभुभोजन बंद. माफी मागशील तेव्हा चालू."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणलं, बस, चहा टाकते. न्हाई बसला. मग म्हणलं, लहानपणी ताटातली भाकर तुला अर्धी मोडून देत होते, तवा न्हाई कधी माफी मागायला लावलीस."

फोनवर ती हसत होती. पण दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, की आत्याबाई रात्रीचं जेवल्या नाहीत आणि उपवास म्हणून सांगतात. मला कळलं की हसणं माझ्यासाठी होतं. ज्या चर्चमध्ये तिचं लग्न झालं, जिथून तिच्या नवऱ्याची आणि मुलाची मयत निघाली, त्या चर्चनं तिला दाराशी बसवलं होतं. तिला ते लागलं होतं. तरीही ती माफी मागणार नव्हती, आणि तिनं मागितली असती तर मी तिला मागू दिली नसती.

ईस्टरच्या आधीच्या, पवित्र गुरुवारी मी संध्याकाळच्या आत गावी पोचले. त्या दिवशीचं प्रभुभोजन वर्षातलं सगळ्यात मोठं, कारण ते शेवटचं जेवण गुरुवारचंच. त्यामुळं एरवी न येणारी माणसंही येतात. आई आणि वहिनी मागं बसल्या होत्या. मी पुढं न जाता त्यांच्याजवळ जाऊन बसले. आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. नंतर मामांनी वरच्या ऑफिसला कळवलं की मी परभणीहून येऊन बायकांना भडकवलं. मी भडकवलं असतं तर अभिमानानं सांगितलं असतं.

पाळकांनी मेजावरचा कपडा काढला. पुरुष आधी गेले, घेऊन आले. मग बायकांची पाळी. पहिल्या ओळीत नेहमी मामी असतात, मामांची बायको. मामी म्हणजे मान वर न करता जगलेली बाई. मामांनी बोलायचं आणि मामींनी हो म्हणायचं, हेच आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. मामी पुढं गेल्या. गुडघे टेकले. पाळकांनी ताट पुढं केलं. मामींनी हात पसरलेच नाहीत. ते पदरात तसेच ठेवले.

"घ्या ना, बाई," पाळक हळूच म्हणाले.

मामी बोलल्या ते मागच्या सतरंजीपर्यंत ऐकू आलं. "वन्संना न्हाई, तर मला कशाला? मला जाईना घशाखाली."

आणि त्या उठल्या. आपल्या जागेवर परत गेल्या नाहीत. मधल्या वाटेनं मागं आल्या आणि आईच्या पलीकडं बसल्या. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, फक्त थोडं सरकून जागा केली. मग दुसरी बाई उठली, जी त्या शुक्रवारी पिवळ्या हातांनी आली होती. ती पुढं गेलीच नाही. सरळ मागं आली. मग तिची जाऊ. मग वसतिगृहात वहिनीबरोबर काम करणारी. मागची सतरंजी भरली तेव्हा बायका फरशीवर बसल्या. सगळ्या नाही आल्या. काहीजणी पुढं जाऊन घेऊन आल्या, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. पण ताटात भाकरी उरली. आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी भाकरी कधीच उरत नाही.

मामा खिडकीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांची मान लाल झाली होती. पाळकांनी ताटावर कपडा झाकला.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची तीन तासांची उपासना झाली आणि ऊन उतरता उतरता पाळक आमच्या दारात उभे राहिले. दिवसभराचा उपास, ओठ सुकलेले. आईनं त्यांना आधी पाणी दिलं, मग ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ते खाली मान घालून जेवले. मग म्हणाले, "आई, मी तुम्हा दोघींना प्रभुभोजन वाढलं तर कमिटी मला इथं ठेवणार नाही."

"न्हाई ठेवणार," आई म्हणाली.

"माझी बायको, लेकरं..."

"साहेब, तुमाला दुसरं गाव मिळंल. आमाला दुसरं गाव कुठाय?" आई म्हणाली. हे ती रागानं म्हणाली नाही. त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकत म्हणाली.

मी मधे पडले. "पाळकसाहेब, कोणत्या पापासाठी वहिनीचं बंद केलंत, एवढंच सांगा. विधवेनं लग्न केलं म्हणून? की ज्याच्याशी केलं तो खोटं बोलून बाप्तिस्मा घ्यायला तयार झाला नाही म्हणून?"

पाळकांनी हात धुतले, सलाम केला आणि ते गेले.

ईस्टरला आमच्याकडं पहाटे कबरस्तानात उपासना होते. रुळांच्या कडेला बाभळींत आमचं कबरस्तान आहे. लोक मेणबत्त्या घेऊन येतात, आपापल्या कबरी साफ करतात, फुलं ठेवतात आणि उजाडताना पुनरुत्थानाची गाणी म्हणतात. वहिनी माझ्या भावाच्या कबरीपाशी बसून माती सारखी करत होती. मिस्त्रींनी पाण्याची कळशी आणून दिली आणि ते फाटकापाशी जाऊन थांबले. उजाडलं. नांदेडकडची गाडी धडधडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबले. मग पाळकांनी पिशवीतून ताट काढलं. ईस्टरचं प्रभुभोजन एरवी नऊच्या उपासनेत चर्चमध्ये असतं. कबरस्तानात ते आधी कधी झालं नव्हतं. कमिटीचा ठराव चर्चमधल्या मेजाचा होता. त्या तरुण माणसानं मेजच सोडून दिलं होतं.

ते कबरींच्या मधून चालत आले आणि सगळ्यांत आधी वहिनीसमोर थांबले. तिच्या हातांना माती लागलेली होती. ती पदराला हात पुसायला लागली.

"राहू द्या," पाळक म्हणाले. "तसेच पुढं करा."

तिनं केले. मग आईनं. मग मामींनी. मामा बाभळीखाली उभे होते. ताट त्यांच्यापुढं गेलं तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

पावसाळ्याआधी पाळकांची बदली झाली. जिंतूरकडच्या एका लांबच्या गावी, जिथं चर्चला छत अर्धंच होतं असं ऐकलं. जाताना ते बायको-लेकरांसकट वहिनीच्या घरी जेवून गेले. मिस्त्रींनी त्यांच्या मोटारसायकलला सामानासाठी लोखंडी जाळी बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

कमिटीचा ठराव कुणी मागं घेतला नाही. माफी कुणी मागितली नाही. नवे पाळक आले तेव्हा मामांनी त्यांना पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं, आणि ते बिचारे वयस्कर गृहस्थ आईला भेटायला आले. म्हणाले, "बाई, असं असं मला सांगण्यात आलंय. यातून काहीतरी मधला रस्ता काढू. तुमच्या सूनबाईंनी फक्त दोन शब्द..."

आई शेंगा निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. "कोणते दोन शब्द?"

पाळकांनी विचार केला. ते शब्द त्यांना मोठ्यानं म्हणता येईनात. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटी त्यांनी मूठभर शेंगा उचलल्या आणि तेही निवडायला लागले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी पुढं गेली, आईला धरून. दोघींनी हात पसरले. नव्या पाळकांनी मामांकडं एकदा पाहिलं, आणि वाढलं.